पंप कोण चालवणार?

मुलांनो, पुणे शहराच्या दक्षिण भागात बिबवेवाडी आहे. पूर्वी हे एक वेगळे गाव होते. आज तो शहराचा दाट वस्तीचा भाग आहे. बिबवेवाडीची जमीन सपाट नाही. दक्षिणेच्या बाजूला टेकड्या आहेत. ज्या भागाला लोक नुसते ‘अप्पर’ म्हणतात, तो उंचावर आहे. मार्केट यार्डाकडे जाल तशी जमीन उतरत जाते. उंचावर राहणाऱ्यांना रोजचे पाणी वर चढवावे लागते. उतारावर राहणाऱ्यांना पावसाळ्यात नको असलेले पाणी बाहेर काढावे लागते. दोन्ही कामे पंपच करतो.

बिबवेवाडीच्या पश्चिमेला, सातारा रस्त्यापलीकडे, आंबील ओढा वाहतो. तो कात्रजच्या बाजूने येतो आणि शहरातून जाऊन मुठा नदीला मिळतो. एरवी तो इतका लहान दिसतो, की त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. पण 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री मोठा पाऊस पडला आणि ओढ्याला पूर आला. अरण्येश्वर, सहकारनगर आणि पुढे दांडेकर पुलापर्यंतच्या वस्त्यांत पाणी शिरले. भिंती पडल्या, वाहने वाहून गेली, अनेकांचे प्राण गेले. पुराचे पाणी ओसरले तरी खोलगट जागांतले पाणी आपोआप जात नाही. तळघरे, जमिनीखालच्या टाक्या, लिफ्टचे खड्डे यांत ते तसेच साचून राहते. ते उपसावे लागते.

बादलीने पाणी उपसणे सर्वांना समजते. पंपाने उपसणेही सोपे वाटते: नळी पाण्यात सोडली, बटण दाबले, झाले. पण बटण दाबल्यावर जे घडते, त्यामागे एक प्रश्न लपलेला असतो. पंप स्वतः काहीच करत नाही. त्याच्यात ताकद नसते. त्याला कोणीतरी फिरवावे लागते. तो कोण? आणि किती ताकदीचा? या पाठात आपण हेच पाहणार आहोत.

एक उदाहरण घेऊ. हे उदाहरण कल्पनेतले आहे, पण त्यातले आकडे आणि हिशोब खरे आहेत.

समजा, बिबवेवाडीत टेकडीच्या पायथ्याशी एक जुने तळे आहे. ते 40 मीटर लांब, 25 मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल आहे. त्यात गाळ आणि कचरा साचला आहे, डास वाढले आहेत. वस्तीतल्या लोकांनी ठरवले, की पाणी उपसून गाळ काढायचा. महानगरपालिकेची परवानगीही मिळाली. आता पंप हवा.

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार प्रसिद्ध आहे. रविवारी आणि बुधवारी भरणारा बाजार म्हणून तो वर्षानुवर्षे ओळखला गेला. पुणे हे लष्कराचे शहर. खडकीला बॉम्बे सॅपर्स म्हणजे लष्करी अभियंत्यांचे मोठे केंद्र आहे, देहूरोडला लष्कराची कोठारे आहेत. लष्कराला पंप पुष्कळ लागतात. छावणीला पाणी पुरवायचे, आग विझवायची, खंदकात साचलेले पाणी काढायचे, अशी कितीतरी कामे असतात. साहित्य जुने झाले, की त्याचा लिलाव होतो. लिलावातून भंगारवाल्याकडे आणि भंगारवाल्याकडून बाजारात असा त्याचा प्रवास चालतो. दुसरे महायुद्ध 1945 मध्ये संपले, तेव्हा इंग्रज आणि अमेरिकी सैन्याचे पुष्कळ सामान हिंदुस्थानातच राहिले आणि विकले गेले. अशा मालाला लोक ‘डिस्पोजलचा माल’ म्हणू लागले. त्याची मजबुती नावाजलेली होती.

तर समजा, बाजारात हिरव्या रंगाचा एक जाडजूड पंप दिसतो. विचारणारा मुलगा आणि विकणारे चाचा यांचे बोलणे असे होते :

“चाचा, हा पंप चालतो का?”

“चालतो म्हणजे? लष्करी माल आहे, बेटा! पन्नास वर्षं हलणार नाही.”

“मग याचं इंजिन कुठं आहे?”

“इंजिन नाही. बाकी सगळं एक नंबर आहे.”

चाचा खोटे बोलत नाहीत. पण ‘बाकी सगळं’ या दोन शब्दांत अर्धीच गोष्ट आली आहे. इंजिनाशिवाय पंप म्हणजे बैलाशिवाय मोट.

आता हा पंप जवळून पाहू. बाहेरून तो शंखासारखा किंवा गोगलगायीसारखा दिसतो. आत एक पंखा असतो. त्याला इंपेलर म्हणतात. पंख्याचा दांडा, म्हणजे शाफ्ट, बाहेर आलेला असतो. हा दांडा जोरात फिरवला, की पंखा आतले पाणी कडेला फेकतो. ओले कापड गोल फिरवले तर थेंब बाहेर उडतात, तसेच हे आहे. कडेला गेलेले पाणी शंखाच्या आकारातून वाट काढत वरच्या नळीने बाहेर पडते. या नळीला डिलिव्हरी म्हणतात. पंख्याच्या मध्यभागी जागा रिकामी होते आणि तिथे खालच्या नळीतून नवे पाणी येते. ही नळी म्हणजे सक्शन.

पंपावर एक पत्र्याची पाटी असते. पंपाची जन्मपत्रिकाच ती! भंगारात पुष्कळदा ही पाटी उपटलेली असते. पाटी नसेल तर असा पंप न घेतलेलाच बरा. आपल्या पंपावर लिहिले आहे : मिनिटाला 2900 फेरे, सेकंदाला 10 लिटर पाणी, उंची 24 मीटर. म्हणजे दांडा मिनिटाला 2900 वेळा फिरवला, तर हा पंप सेकंदाला 10 लिटर पाणी 24 मीटर उंच नेईल.

प्रथम वेळेचा हिशोब करू. तळ्यातले पाणी 40 × 25 × 1.5 = 1500 घनमीटर. एका घनमीटरमध्ये 1000 लिटर पाणी असते. म्हणजे तळ्यात 15 लाख लिटर पाणी आहे. सेकंदाला 10 लिटर, म्हणजे तासाला 36,000 लिटर. 15 लाखांना 36,000 ने भागले, की सुमारे 41 तास 40 मिनिटे येतात. जवळजवळ पावणेदोन दिवस पंप रात्रंदिवस चालला पाहिजे. शिवाय झऱ्याचे पाणी येत राहिले किंवा मध्येच पाऊस पडला, तर वेळ वाढेल. एक बादली पंधरा लिटरची धरली, तर याच कामाला एक लाख बादल्या उपसाव्या लागतील!

आता ताकदीचा हिशोब. एक लिटर पाण्याचे वस्तुमान एक किलोग्रॅम असते. सेकंदाला 10 किलोग्रॅम पाणी 24 मीटर उचलायला 10 × 9.8 × 24 म्हणजे 2352 वॅट शक्ती लागते. पण कोणताही पंप दिलेली सर्व शक्ती पाण्याला देत नाही. काही शक्ती घासण्यात, काही पाणी घुसळण्यात जाते. शंभरातले साठ भाग पाण्याला मिळाले असे धरले, तर दांड्याला 3920 वॅट द्यावे लागतील. 746 वॅट म्हणजे एक अश्वशक्ती. म्हणजे या पंपाला सव्वापाच अश्वशक्ती हवी.

अश्वशक्ती या शब्दात घोडा आहे, हे लक्षात आले ना? पूर्वी पाणी काढायला खरोखरच जनावरे लागत. आपल्याकडे विहिरीवर मोट असे. चामड्याची मोठी पिशवी नाड्याला बांधून विहिरीत सोडायची आणि बैलांनी उतारावर चालत ती वर ओढायची. यंत्राला यंत्राने चालवण्याची कल्पनाही जुनी आहे. अल-जझरी नावाचा एक मोठा कारागीर दियारबकीर येथे दरबारात होता. हे शहर आज तुर्कस्तानात आहे. त्याने 1206 मध्ये यंत्रांविषयी अरबी भाषेत एक ग्रंथ पूर्ण केला. त्यात एका पंपाचे वर्णन आहे. वाहत्या पाण्याने एक चाक फिरते, ते चाक दोन दट्ट्यांना आळीपाळीने पुढेमागे हलवते आणि दट्टे नळ्यांतून पाणी वर चढवतात. नदीचेच पाणी नदीचे पाणी उचलते! तिथे बैल नाही, माणूस नाही. ‘पंप कोण चालवणार?’ या आपल्या प्रश्नाला अल-जझरीने फार सुंदर उत्तर दिले होते.

आपल्या तळ्यापाशी वाहती नदी नाही. म्हणून दोन पर्याय उरतात : विजेची मोटर किंवा तेलाचे इंजिन.

मोटरचा विचार करू. घरातली वीज 230 व्होल्टची, एका फेजची असते. सव्वापाच अश्वशक्तीची मोटर त्यावर लावली, तर ती सुमारे 24 अँपिअर प्रवाह घेईल. घरातला मोठा प्लगसुद्धा 16 अँपिअरचा असतो. शिवाय मोटर सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट प्रवाह लागतो. घराच्या प्लगला अशी मोटर जोडणे म्हणजे वायर जाळण्याची तयारीच. तीन फेजची 415 व्होल्टची जोडणी असेल, तर प्रत्येक तारेत सुमारे 8 अँपिअरच प्रवाह राहतो. म्हणून एवढ्या मोठ्या पंपाला थ्री फेजची मोटर लावतात आणि तिच्यासाठी स्टार्टर बसवतात. थ्री फेजची एक गंमत आहे. तीनपैकी दोन तारांची अदलाबदल झाली, तर मोटर उलटी फिरते. पंखा उलटा फिरला तरी आवाज तसाच येतो, पण पाणी फार कमी येते. शाफ्ट कोणत्या बाजूला फिरला पाहिजे, हे दाखवणारा बाण पंपावर कोरलेला असतो. तो आधी पाहावा.

लष्करी पंपाबरोबर कधी मोटरही मिळते. पण ती मोटर आपल्या विजेवर चालेलच असे नाही. लष्कराच्या पुष्कळ गाड्यांत 24 व्होल्टची बॅटरी असते आणि काही मोटरी त्याच व्होल्टच्या असतात. आपल्या पंपाला 3920 वॅट हवेत. 24 व्होल्टवर तेवढी शक्ती द्यायची, तर 163 अँपिअर प्रवाह लागेल. गाडीची बॅटरी थोड्याच वेळात गळून जाईल, तळे मात्र तसेच राहील. अमेरिकेत वीज सेकंदाला 60 आवर्तनांची आहे, आपल्याकडे 50 ची. तिथली मोटर इथे लावली, तर ती पाच-षष्ठांश वेगाने फिरते.

वेग थोडा कमी झाला तर काय बिघडते, असे तुम्हांला वाटेल. पण पंपाच्या बाबतीत वेगाचा नियम फार कडक आहे. वेग निम्मा केला, तर पाणी निम्मे येते. मात्र उंची निम्मी राहत नाही, ती चौथाई होते. आणि लागणारी शक्ती एक-अष्टमांश होते. आपला 24 मीटरचा पंप निम्म्या वेगाने फिरवला, तर तो 6 मीटरचा पंप होतो. समजा, तळ्यातून पाणी 8 मीटर वर चढवून नाल्यात सोडायचे आहे. तर पंप फिरेल, आवाज करील, आणि नळीच्या तोंडातून बहुधा एक थेंबही पडणार नाही. बाजूला उभे असलेले लोक म्हणतील, “पंप बिघडला.” पंप बिघडलेला नसतो. त्याला चालवणारा कमी पडलेला असतो.

तेलाच्या इंजिनाचेही तसेच. शेतावर वापरतात ती जुन्या पद्धतीची जड डिझेल इंजिने सावकाश चालतात. काही तर मिनिटाला 650 फेरेच घेतात. पंपाला 2900 हवेत. मग पुली आणि पट्टा वापरावा लागतो. इंजिनाची पुली पंपाच्या पुलीपेक्षा जवळजवळ साडेचार पट मोठी घ्यायची. पंपाची पुली 10 सेंटिमीटरची असेल, तर इंजिनाची 45 सेंटिमीटरची. पट्ट्यावर जाळी मात्र हवीच. फिरत्या पट्ट्यात ओढणी, पदर किंवा सैल बाही सापडली, तर हात सोडवायलाही वेळ मिळत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपला पंप 24 मीटर उंचीसाठी बनवलेला आहे आणि आपले काम फक्त 8 मीटरचे आहे. पंप पूर्ण वेगाने चालवून डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा बंद ठेवावा लागेल. तसे केले नाही, तर पंप ठरल्यापेक्षा जास्त पाणी फेकू लागेल, मोटरवर जास्त भार येईल आणि ती जळेल. म्हणजे एका हाताने जोर लावायचा आणि दुसऱ्या हाताने अडवायचे! 41 तास 40 मिनिटांत हा पंप सुमारे 163 युनिट वीज खाईल. 8 मीटरसाठी बनवलेला आणि तितकाच चांगला पंप तेच तळे सुमारे 54 युनिटांत रिकामे करील. आग विझवायच्या लष्करी पंपात हा फरक आणखी मोठा असतो. त्याला पाण्याचा लांब फवारा मारायचा असतो, तळे उपसायचे नसते. बाजारात स्वस्त मिळालेला पंप कामावर महाग पडतो तो असा.

आता पंप ठेवायचा कुठे? पुष्कळांना वाटते, की पंप पाणी ओढतो, म्हणून तो कितीही उंच ठेवला तरी चालेल. हे खरे नाही. पंप सक्शनच्या नळीतला दाब कमी करतो. मग तळ्याच्या पाण्यावर बाहेरच्या हवेचा जो दाब असतो, तो पाण्याला नळीत ढकलतो. हवा ढकलते, पंप ओढत नाही. इटलीतल्या विहिरींवर काम करणाऱ्यांना पाणी 10 मीटरच्या वर चढत नाही याचे कोडे पडले होते. टॉरिचेली या शास्त्रज्ञाने 1640 च्या दशकात ते सोडवले. हवेच्या दाबाला 10 मीटरपेक्षा थोडेच जास्त पाणी पेलता येते. तेही समुद्रसपाटीला. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच आहे. इथे हवा थोडी विरळ आहे, म्हणून ही मर्यादा साडेनऊ मीटरच्या आसपास येते. नळीतले घर्षण वगैरे धरले, तर प्रत्यक्षात सहा-सात मीटरपेक्षा जास्त भरवसा ठेवू नये. म्हणून पंप पाण्याजवळ ठेवावा. ढकलण्याचे काम वरच्या नळीकडे द्यावे, तिथे हवेची मर्यादा नसते.

सक्शनच्या नळीत हवा राहिली, तरी पंप पाणी घेत नाही. पंखा पाणी फेकण्यासाठी केलेला असतो, हवा फेकायला तो फार दुबळा. म्हणून सुरू करण्याआधी पंप आणि नळी पाण्याने भरतात. याला प्रायमिंग म्हणतात. नळीच्या टोकाला फूट व्हॉल्व्ह असतो. तो पाण्याला वर येऊ देतो, खाली जाऊ देत नाही. त्याला जाळी असते. तळ्यातली पाने, प्लास्टिकच्या पिशव्या, लहान मासे आत जाऊ नयेत म्हणून ही जाळी मोठ्या टोपलीत ठेवतात. नळीच्या जोडातून बारीकशी हवा येत असेल, तर पाणी बाहेर गळत नाही, म्हणून दोष दिसत नाही. पंपाने हवा धरली, की दिवस वाया जातो.

पण मुळात पंप हवाच का, हेही विचारायला हवे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधला आणि तिथून जमिनीखालच्या नळातून पुण्यात पाणी आणले. ते शनिवारवाड्यात आणि शहरातल्या हौदांत पोहोचत असे. हौद हा तुमच्या ओळखीचा ‘हौज़’च. या कामात एकही पंप नव्हता. पाणी उताराने आले. आपले तळे टेकडीच्या पायथ्याशी आहे. जवळपास त्याच्या तळापेक्षा खोल जागा असेल, तर पाण्याने भरलेली नळी काठावरून पलीकडे सोडावी. पाणी आपोआप वाहू लागेल. याला वक्रनलिका किंवा सायफन म्हणतात. त्याला डिझेल नको, वीज नको.

आता धोक्यांविषयी. या भागात मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण पाणी उपसताना माणसे मरतात.

पहिला धोका इंजिनाच्या धुराचा. या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात मिसळला, की रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. विहिरीत किंवा तळघरात पाणी खोल गेले, म्हणून लोक इंजिनच खाली उतरवतात. ते चालू होते, धूर साठतो. खाली गेलेला माणूस चक्कर येऊन पडतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, तोही पडतो. मग तिसरा. इंजिन नेहमी बाहेर, मोकळ्या हवेत ठेवावे. आत कोणी पडलेला दिसला, तर उडी न मारता अग्निशमन दलाला बोलवावे. आपल्या माणसाला पडलेले पाहून थांबणे फार कठीण असते. पण उडी मारल्याने एकाचे दोन होतात.

दुसरा धोका विजेचा. ओल्या पायाने, पाण्यात उभे राहून चालू पंपाला हात लावू नये. आधी मेन स्विच बंद करावा, मगच पंप हलवावा. मोटरला अर्थिंग हवे. गळती होताच प्रवाह तोडणारा स्विचही मिळतो. 30 मिलिअँपिअर गळती झाली, तरी तो क्षणात वीज बंद करतो. जुन्या लष्करी मोटरची तारेवरची रबराची वेष्टने वाळून तडकलेली असतात, म्हणून ती वायरमनला दाखवल्याशिवाय जोडू नये.

तिसरा धोका कोणाच्या मनातही येत नाही. तळे भरलेले असते, तेव्हा पाणी काठाच्या मातीला आतून टेकू देते. पाणी भराभर उपसले, की टेकू जातो. माती मात्र ओली आणि जड राहते. मग काठ ढासळतो. म्हणून पाणी सावकाश उतरवावे आणि काठावर गर्दी करू नये. तळाचा गाळ वरून सुकलेला दिसला, तरी आत पाय रुततो.

हे सर्व प्रश्न एकाच ठिकाणी, फार मोठ्या प्रमाणात उभे राहिले ते 2018 मध्ये, आपल्यापासून खूप दूर थायलंडमध्ये. पण त्या गोष्टीचा एक धागा महाराष्ट्रात आहे.

सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी हे गाव आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी 1910 मध्ये औंध संस्थानातल्या एका माळावर हा कारखाना आणि वसाहत उभी केली. आधी लोखंडी नांगर, मग चरक, मग पंप असा कारखाना वाढत गेला. 1946 मध्ये पुण्याजवळ खडकीला तेलाच्या इंजिनांचा कारखानाही निघाला. म्हणजे पंप आणि त्याला चालवणारे इंजिन, दोन्ही एकाच घराण्याच्या कारखान्यांत तयार होऊ लागले.

23 जून 2018 रोजी थायलंडच्या चियांग राय प्रांतात फुटबॉल खेळणारी 12 मुले आणि त्यांचा तरुण प्रशिक्षक थाम लुआंग नावाच्या गुहेत गेले. मुले 11 ते 16 वर्षांची होती, तुमच्याच वयाची. ती आत असताना पाऊस आला आणि परतीची वाट पाण्याने भरली. दहाव्या दिवशी, 2 जुलैला, ब्रिटिश पाणबुड्यांना ती जिवंत सापडली. गुहेच्या तोंडापासून सुमारे चार किलोमीटर आत, एका उंचवट्यावर, अंधारात बसलेली. सापडली, पण बाहेर कशी काढणार? पोहणेही त्यांना नीट येत नव्हते आणि पुढे पावसाळ्याचे महिने होते.

पाण्याची पातळी उतरवणे हे पहिले काम होते. भारतीय दूतावासाच्या मदतीने किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ तिथे गेले. त्यांत सांगली आणि पुण्याकडचे अभियंते होते. मोठे चार पंप किर्लोस्करवाडीत विमानाने पाठवण्यासाठी तयार ठेवले होते. पण तिथे गेल्यावर तोच प्रश्न समोर आला : पंप कोण चालवणार? गुहेच्या आत डिझेल इंजिन ठेवता येत नाही, मुलांना श्वास घ्यायलाच हवा कमी होती. वीज जनरेटरवरून येत होती आणि ती एकसारखी मिळत नव्हती. गुहेची वाट अरुंद, मध्ये काटकोनात वळणारी. म्हणून मोठ्या पंपांऐवजी लहान पंप वापरावे लागले. बाहेर पाऊस थांबत नव्हता. जेवढे पाणी काढावे, तेवढे पुन्हा येत होते. शिवाय उपसलेले पाणी कुठेतरी जाणारच. ते खालच्या भातशेतात शिरले. कित्येक शेतकऱ्यांचे पीक बुडाले, पण मुले वाचत असतील तर चालेल, असे ते म्हणाले.

6 जुलैला समन कुनान हा थाई नौदलाचा माजी जवान गुहेत प्राणवायूच्या नळकांड्या पोहोचवून परत येताना मरण पावला. तरी काम थांबले नाही. पंप रात्रंदिवस चालत राहिले आणि तोंडाजवळच्या भागातले पाणी इतके उतरले, की तिथून चालत जाता येऊ लागले. 8 ते 10 जुलै या तीन दिवसांत पाणबुड्यांनी सर्व मुले आणि प्रशिक्षक यांना बाहेर आणले.

शेवटचा मुलगा बाहेर आला, तेव्हा काही पाणबुडे आणि मदत करणारे लोक अजून गुहेत सामान आवरत होते. तेवढ्यात मुख्य पंप बंद पडला. आतून ओरडण्याचा आवाज आला. पाणी भराभर वाढू लागले आणि डोक्यावरचे दिवे अंधारात तोंडाकडे धावताना दिसू लागले. तासाभरात सगळे बाहेर आले.

शब्दार्थ

उपसणे – साचलेले पाणी बाहेर काढणे
मोट – विहिरीतून बैलांच्या मदतीने पाणी काढण्याची चामड्याची मोठी पिशवी
दट्ट्या – नळीत पुढेमागे सरकणारा भाग
कोठार – सामान साठवण्याची जागा
टेकू – आधार
ढासळणे – कोसळणे

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पंपाच्या पाटीवर कोणती माहिती असते?
(आ) अल-जझरीच्या पंपाला कोण चालवत असे?

2. कारणे लिहा.
(अ) निम्म्या वेगाने फिरणारा पंप 8 मीटर उंचीवर पाणी पोहोचवू शकला नाही.
(आ) थाम लुआंगच्या गुहेत लहान पंप वापरावे लागले.

3. हिशोब करा.
एका सोसायटीच्या तळघरात 20 मीटर लांब, 12 मीटर रुंद जागेत अर्धा मीटर पाणी साचले आहे. सेकंदाला 5 लिटर पाणी काढणारा पंप ते किती वेळात उपसेल?

4. हौद, हवा, कारागीर, बाजार हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधून लिहा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.